कियांतीचा काळा कोंबडा आणि एका नावाची लढाई

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत झाली, तेव्हा मोटारी आणि यंत्रसामग्रीच्या बरोबरीने वाइनचीही चर्चा झाली. युरोपीय वाइनवर भारताचे आयातशुल्क होते तब्बल १५० टक्के. करार अमलात येताच ते निम्म्यावर आणायचे आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने आणखी खाली न्यायचे, असे या करारात ठरले. साहजिकच मुंबई-पुण्यातील दुकानांच्या फळ्यांवर इटलीतील बाटल्या अधिक संख्येने दिसतील, अशी अटकळ बांधली गेली. त्यांपैकी सर्वांत ओळखीचे नाव अर्थातच कियांतीचे.

मात्र कियांती विकत घेणाऱ्या ग्राहकासमोर एक पेच असतो. काही बाटल्यांवर नुसते ‘कियांती’ असे लिहिलेले असते, तर काहींवर ‘कियांती क्लासिको’. आणि या दुसऱ्या बाटलीच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याचे लहानसे चिन्ह असते. दोन्ही लाल वाइनच, दोन्ही मुख्यतः एकाच वाणाच्या द्राक्षांच्या, दोन्ही इटलीतील टस्कनी प्रांतातल्या. तरीही कायद्याने त्या दोन वेगळ्या वाइन आहेत. हा भेद म्हणजे केवळ विक्रीची क्लृप्ती नव्हे. एखाद्या गावाचे नाव नेमके कोणाचे, या प्रश्नावर तीन शतके चाललेल्या वादाचा तो निकाल आहे आणि तोही अर्धवटच.

डोंगर, दगड आणि द्राक्ष

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन ऐतिहासिक शहरांच्या मध्ये पसरलेला डोंगराळ मुलूख म्हणजे मूळचे कियांती. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना ही या मुलखाची तीन जुनी गावे. आज कियांती क्लासिकोचा प्रदेश सुमारे ७० हजार हेक्टरांचा आहे. परंतु त्यातील बराच भाग ओक आणि चेस्टनटच्या जंगलाखाली आहे. या वाइनसाठी नोंदलेल्या द्राक्षबागा जेमतेम सात हजार हेक्टरांवर आहेत. जमीन सुपीक नाही. कुठे ‘गालेस्त्रो’ नावाचा, हातात चुरडणारा पाटीसारखा ठिसूळ दगड, तर कुठे ‘आल्बेरेझे’ हा कठीण चुनखडक. अशा खडकाळ उतारावर वेलीला पाण्यासाठी खोलवर मुळे न्यावी लागतात. घड कमी लागतात, पण त्यांत रस दाट उतरतो.

येथील मुख्य वाण सांजोवेझे. हे द्राक्ष पातळ सालीचे, उशिरा पिकणारे आणि जागेबाबत विलक्षण हट्टी असे मानले जाते. त्याच्या वाइनचा रंग फार गडद नसतो. पेला उजेडात धरला तर माणकासारखी झाक दिसते. आंबट चेरी, व्हायोलेटचे फूल, वाळलेल्या रानपाल्याचा वास ही तिची ओळख. जिभेवर आधी आंबटपणा येतो आणि मागाहून तुरटपणा. नुसती प्यायली तर ही वाइन काहींना करडी वाटते; मात्र मांस, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाच्या जेवणासोबत तोच आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. थोडक्यात, कियांती ही मैफलीची नव्हे, जेवणाच्या पंगतीची वाइन. तिचा स्वभाव त्या प्रदेशातील स्वयंपाकघरातूनच घडलेला आहे.

मेदिची राजाचे फर्मान

कियांती हे मुळात प्रदेशाचे नाव. वाइनला ते मागाहून चिकटले. १३९८ च्या एका नोंदीत कियांतीच्या वाइनचा उल्लेख येतो, तो आश्चर्याची बाब म्हणजे पांढऱ्या वाइनचा. पुढील शतकांत या डोंगरांतील लाल वाइनला मागणी वाढली आणि मागणीपाठोपाठ नकलाही आल्या. टस्कनीचा अधिपती कोझिमो तिसरा द मेदिची याने सप्टेंबर १७१६ मध्ये फर्मान काढून चार वाइन प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या. कियांती हा त्यांपैकी एक. या सीमेबाहेरच्या वाइनला ते नाव लावून परदेशी धाडणे गुन्हा ठरले. कायद्याने वाइनची भौगोलिक सीमा आखण्याच्या जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत या फर्मानाची गणना होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते १८व्या शतकातले भौगोलिक मानांकनच होते.

फर्मानाने सीमा आखली, पण सीमेच्या आत वाइन कशी करावी, हे सांगितले नाही. ते काम दीडशे वर्षांनी बेत्तीनो रिकासोली यांनी केले. एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान असलेले रिकासोली हे गायोलेजवळच्या ब्रोलिओ गढीचे मालक. राजकारणाबरोबरच त्यांनी अनेक वर्षे द्राक्षांवर प्रयोग केले आणि १८७२ मध्ये एका पत्रात आपला निष्कर्ष लिहिला. वाइनचा सुगंध आणि जोम सांजोवेझेतून येतो, कानायोलो हे द्राक्ष त्याचा करडेपणा कमी करते आणि माल्व्हाझिया हे पांढरे द्राक्ष तिला हलकी करते, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र जी वाइन मुरवत ठेवायची आहे, तिच्यात पांढरे द्राक्ष न घातलेलेच बरे, असेही त्यांनी त्याच पत्रात नमूद केले होते. पुढच्या काळात या पत्राचा पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहिला. दुसरा सोयीस्करपणे विसरला गेला.

नाव ताणले गेले

वेताच्या वेष्टनातील गोलाकार बाटलीतून कियांती जगभर गेली. या बाटलीला इटालियन भाषेत ‘फियास्को’ म्हणतात. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला हाच शब्द आज फजिती या अर्थाने रूढ आहे, हा योगायोग कियांतीच्या बाबतीत काहीसा बोलका ठरला. नाव गाजू लागताच डोंगराबाहेरचे उत्पादकही ते वापरू लागले. त्याला आळा घालण्यासाठी मे १९२४ मध्ये राद्दा येथे ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे आपले चिन्ह निवडले.

या कोंबड्यामागे एक लोककथा आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातील सीमातंटा मिटवण्यासाठी असे ठरले, की पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघावा आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा मानावी. सिएनाने आपल्या पांढऱ्या कोंबड्याला भरपूर चारले. फ्लॉरेन्सने काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवले. भुकेला कोंबडा उजाडण्याच्या कितीतरी आधी आरवला, फ्लॉरेन्सचा स्वार लवकर निघाला आणि जवळजवळ सगळे कियांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडले. कथा खरी असो वा नसो, मध्ययुगात या मुलखातील गावांच्या लष्करी संघाचे चिन्ह काळा कोंबडाच होते.

परंतु संघाची ही धडपड सरकारदरबारी फार काळ टिकली नाही. १९३२ मध्ये इटलीच्या सरकारने नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीनुसार कियांतीचे सात उपविभाग पाडण्यात आले. पिसा, आरेत्सो, पिस्तोइया या दिशांना असलेल्या टेकड्याही त्यामुळे कियांती ठरल्या. मूळच्या मुलखाला ‘क्लासिको’ हे विशेषण तेवढे मिळाले आणि त्या क्लासिकोची सीमादेखील मेदिचींच्या सीमेपेक्षा मोठीच होती. सरकारचा युक्तिवाद व्यवहाराचा होता. ज्या नावाने लाखो बाटल्या विकल्या जात आहेत, ते मूठभर गावांपुरते ठेवायचे कसे? शेजारच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने यात न्यायही होता, कारण त्यांतील अनेकजण पिढ्यान्‌पिढ्या त्याच पद्धतीने वाइन करत होते. मात्र या निर्णयानंतर ‘कियांती’ हे गावाचे नाव न राहता एका प्रकाराचे नाव बनले.

कायदाच जेव्हा पाणी घालतो

खरी घसरण त्यानंतर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर टस्कनीतील अर्धेलीची शेती मोडकळीस आली. शतकानुशतके जमीनमालकाला अर्धे पीक देणारी कुटुंबे कारखान्यांकडे वळली. ओस पडलेल्या जमिनींवर १९६० आणि १९७० च्या दशकांत घाईघाईने नव्या बागा लावल्या गेल्या. त्या लावताना दर्जापेक्षा उताऱ्याकडे अधिक लक्ष दिले गेले.

अशा वेळी १९६७ मध्ये कियांतीला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा देणारा कायदा आला. त्याने रिकासोलींच्या सूत्राला नियमाचे रूप दिले, पण उलट्या बाजूने. वाइनमध्ये किमान १० टक्के पांढरी द्राक्षे घालणे बंधनकारक झाले. ३० टक्क्यांपर्यंत घालण्याची मुभाही मिळाली. त्यातही सुगंधी माल्व्हाझियाची जागा भरघोस पीक देणाऱ्या, पण चवीला बेताच्या त्रेब्बियानोने घेतली. भरीला बाहेरच्या प्रदेशातील द्राक्षरस काही प्रमाणात मिसळण्याची सोय होतीच. परिणामी कायद्याचे तंतोतंत पालन करणारा उत्पादकच फिकट, पातळ वाइन विकू लागला. नावाचे रक्षण करण्यासाठी केलेल्या कायद्याने नावाची पत घालवली, असा हा विरोधाभास.

त्याविरुद्ध बंड झाले ते आतूनच. सहा शतकांची परंपरा सांगणाऱ्या आंतिनोरी घराण्याने कियांती क्लासिकोच्या हद्दीतील तिन्यानेल्लो या बागेच्या वाइनवरून १९७१ च्या हंगामापासून कियांती हे नाव काढून टाकले. पुढे त्यांनी पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली, सांजोवेझेला काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाची जोड दिली आणि वाइन लहान ओक पिंपांत मुरवली. कायद्याच्या लेखी ही वाइन ‘साधी टेबल वाइन’, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतली. बाजारात मात्र तिला कियांतीच्या कितीतरी पट दर मिळू लागला. समुद्रकिनाऱ्याजवळच्या बोल्गेरी येथील सास्सिकाइया या वाइननेही तसाच मान मिळवला. या वाइनना पुढे ‘सुपर टस्कन’ म्हटले जाऊ लागले. सर्वोत्तम वाइन कायद्याच्या चौकटीबाहेर आणि सुमार वाइन चौकटीच्या आत, ही स्थिती कोणत्याही सरकारला अडचणीचीच होती.

दुरुस्तीची चाळीस वर्षे

त्यानंतरचा इतिहास हा दुरुस्तीचा इतिहास आहे. १९८४ मध्ये कियांतीला सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि क्लासिकोतील पांढऱ्या द्राक्षांचे सक्तीचे प्रमाण नाममात्र उरले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संघाने सांजोवेझेच्या चांगल्या निवडी शोधण्यासाठी दीर्घ संशोधन हाती घेतले. १९९६ मध्ये कियांती क्लासिको ही कियांतीपासून कायद्याने वेगळी झाली आणि निव्वळ सांजोवेझेची वाइन करण्यास परवानगी मिळाली. २००६ च्या हंगामापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांवर थेट बंदी आली. जे एकेकाळी सक्तीचे होते, तेच निषिद्ध ठरले. आज क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे आवश्यक आहे; व्यापक कियांतीत हे प्रमाण ७० टक्के आहे.

२०१४ मध्ये ‘ग्रान सेलेझिओने’ ही सर्वांत वरची श्रेणी आली. स्वतःच्याच बागेतील द्राक्षे आणि किमान ३० महिने मुरवण या तिच्या अटी आहेत. २०२१ मध्ये संघाने प्रदेशाचे ११ उपविभाग निश्चित केले आणि २०२३ मध्ये त्यांना सरकारी मान्यता मिळाली. आता या वरच्या श्रेणीच्या बाटलीवर राद्दा, गायोले, पान्झानो, लामोले अशी नावे छापता येतात. म्हणजे ज्या गावांची ओळख १९३२ मध्ये एका मोठ्या नावात विरघळली होती, तीच ९० वर्षांनी पुन्हा बाटलीवर आली आहेत.

अर्थात नियम कडक केले की प्रश्न सुटतो, असेही नाही. याच सांजोवेझेपासून होणारी, सिएनाच्या दक्षिणेकडील मोंताल्चीनो गावाची ब्रुनेल्लो ही वाइन याचे उदाहरण होय. तिच्यात सांजोवेझेखेरीज एकही दुसरे द्राक्ष चालत नाही. २००८ मध्ये काही उत्पादक त्यात गुपचूप अन्य वाण मिसळत असल्याच्या संशयावरून तपास सुरू झाला, साठे गोठवले गेले आणि अमेरिकेने आयात रोखण्याचा इशारा दिला. त्यावर नियम सैल करावा, असा एक मतप्रवाह पुढे आला. परंतु त्याच वर्षी झालेल्या मतदानात उत्पादकांनी प्रचंड बहुमताने शंभर टक्क्यांचाच नियम कायम ठेवला. कियांतीने चुकीचा नियम बदलला, तर मोंताल्चीनोने योग्य नियम पाळण्याचा निर्धार केला. दोन्ही ठिकाणी निर्णय घेतला तो बाटलीवर ज्यांचे नाव जाते त्यांनीच, हे महत्त्वाचे.

परदेशातील कोंबडे

देशाबाहेर ही लढाई आणखी अवघड ठरली. अमेरिकेत गेलेल्या इटालियन स्थलांतरितांमुळे कियांती हे तेथे लाल वाइनचे सर्वसाधारण नावच झाले होते. कॅलिफोर्नियात पिकवलेल्या द्राक्षांची वाइनही ‘कियांती’ म्हणून विकली जात असे आणि अमेरिकी कायद्याला ते मान्य होते. २००६ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यातील करारानंतर अशा नावांचा नव्याने वापर थांबला. जुन्या उत्पादकांना मात्र सूट मिळाली. त्याआधी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘काळा कोंबडा’ या अर्थाचे ‘गाल्लो नेरो’ हे नावच संघाला अमेरिकेत वापरता येईनासे झाले, कारण तेथील बलाढ्य गॅलो कंपनीने आपल्या नावाशी साधर्म्य असल्याचा आक्षेप घेतला. इटालियन भाषेत ‘गाल्लो’ म्हणजे कोंबडा! शेकडो वर्षे जुने चिन्ह एका व्यापारचिन्हापुढे हरले.

आजची आव्हाने वेगळी आहेत. इटलीत १९६० च्या दशकात दरडोई वाइनचा खप वर्षाला शंभर लिटरहून अधिक होता. आज तो चाळिशीच्या आसपास आहे. त्यामुळे उत्पादक निर्यातीवर विसंबून आहेत आणि क्लासिकोची सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या अमेरिकेने २०२५ मध्ये युरोपीय मालावर १५ टक्के शुल्क लादले. दुसरीकडे हवामान बदलते आहे. पूर्वी राद्दा आणि लामोलेच्या उंच, थंड बागांत सांजोवेझे नीट पिकत नाही, अशी तक्रार असे. आता उन्हाळे तापू लागल्याने त्याच बागांना मागणी आली आहे. २०१७ मध्ये कडाक्याची थंडी आणि पाठोपाठ दुष्काळ, तर २०२३ मध्ये द्राक्षांवर केवडा अशा आपत्ती टस्कनीने पाहिल्या. सीमा कागदावर स्थिर आहेत. त्या सीमांच्या आतील हवा मात्र स्थिर राहिलेली नाही.

अकलूजचे सांजोवेझे

नव्या बाजारांच्या शोधातील युरोपला म्हणूनच भारत महत्त्वाचा वाटतो. विशेष म्हणजे सांजोवेझे महाराष्ट्राला अनोळखी नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वाइनरीच्या बागांत हे वाण लावलेले आहे. इटालियन, दिल्लीकर आणि अकलूजच्या भावांनी मिळून उभारलेल्या या उद्योगाचे नावच ‘भाऊ’ या अर्थाचे असून त्याच्या वाइन टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. ‘सेत्ते’ या तिच्या प्रसिद्ध वाइनमध्ये सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रण असते. सूत्र थेट तिन्यानेल्लोच्या वळणाचे.

परंतु साम्य तिथेच संपते. टस्कनीत वेल हिवाळ्यात पूर्ण झोपी जातो आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. महाराष्ट्रात वेलीला अशी झोप मिळत नाही. पावसाळ्यानंतर छाटणी होते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऊन तापू लागण्याच्या बेतात काढणी होते. वाण एकच असले तरी वाइन एक होत नाही. अकलूजच्या वाइनने ‘कियांती’ म्हणवून घेतलेले नाही; ती आपल्याच नावाने उभी आहे. वाण जगभर जाऊ शकते, जागा जाऊ शकत नाही, हे समजण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

हा मुद्दा व्यापारापुरता मर्यादित नाही. भौगोलिक मानांकनांच्या परस्पर संरक्षणासाठी भारत आणि युरोपीय संघ यांच्यात स्वतंत्र वाटाघाटी ठेवण्यात आल्या. युरोपची नावे येथे जपायची, तर येथील नावे तेथे जपली जावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मानांकन आहे, कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले. तरीही दर उन्हाळ्यात परप्रांतीय आंबा हापूसच्या पेटीतून विकला जात असल्याची तक्रार बागायतदार करतात. देवगड आणि रत्नागिरी यांनी आपापली वेगळी ओळख जपावी की एका मोठ्या नावाखाली यावे, हा वादही जुनाच आहे. १९३२ च्या कियांतीपुढे नेमका हाच प्रश्न होता.

कियांतीचा अनुभव या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. सीमा आखणे हे काम सोपे आहे. ते एका राजाने एका फर्मानात केले. सीमेच्या आत काय पिकवायचे, किती पिकवायचे आणि त्यात काय मिसळायचे नाही, हे ठरवायला मात्र त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे लागली. दुसरे असे, की नावाला सर्वांत मोठा धोका नेहमी बाहेरच्या नकलाकारांकडूनच असतो असे नाही. १९६७ चा नियम कोणा परक्याने लादला नव्हता. नाव आपलेच आहे, ते कुठे जाणार, या निश्चिंतीतून तो आला होता. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून स्वस्थ बसणाऱ्यांनी काळ्या कोंबड्याची ती लोककथा आठवायला हवी. तंटा जिंकला तो उपाशी राहून वेळेआधी जागा झालेल्या कोंबड्याने. भरपेट खाऊन झोपलेला कोंबडा हरला.